अर्ध्या तासाची ती ओळ

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं, "प्रयोगशाळेतल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं बरं वाटतं." एक गंमत सांगतो. त्यानंतर मला जे लिहायचं आहे ते लिहिणार आहे. छापायचं नसेल तर मजकूर परत पाठवावा. मी तो माझ्या गावी, आचऱ्याच्या बाजारात उभा राहून वाचीन.

मी वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवायचो. रक्तात काय किती आहे ते मोजायचं आणि त्यावरून शरीरात कुठं काय बिघडलं ते ओळखायचं, एवढाच हा विषय. एकदा दोडामार्गच्या एका काजूबागायतदाराचा अहवाल आला. पोटॅशियम इतकं की हृदय बंद पडायला हवं, आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. आम्ही धावत वॉर्डात गेलो. गृहस्थ खाटेवर मांडी घालून बटाटेवडा खात होते.

"डॉक्टरानू, मी मेलंय म्हणतत, तां खरां?"

"अजून नाही."

"मगे वायच चटणी हाडूक सांगा."

चटणी आणायला माणूस पाठवला आणि चौकशी केली. झालं होतं असं. लाल टोपणाच्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळ्या टोपणाच्या नळीतलं त्यात ओतलं होतं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचा एक क्षार घातलेला असतो, आणि तो कॅल्शियमला धरून ठेवतो. मशीन बरोबर होतं, माणूस धडधाकट होता, घोळ नळीचा होता.

ही गोष्ट मी प्रत्येक नव्या वर्गाला सांगायचो. आकडा आला की आधी नळीची चौकशी करा. रक्त कधी काढलं, कशात काढलं, ते किती वेळ कुठं पडून होतं? संशोधनाचे निबंधही असेच वाचायचे, असं मी शिकवत असे. दर शुक्रवारी दुपारी आमचा वाचनवर्ग असे. एखादा छापील निबंध मुलांच्या हाती द्यायचा. पहिल्या पानावरचा सारांश घडी घालून पिनेने बंद करायला लावायचा, कारण सारांश ही लेखकाने स्वतःची केलेली जाहिरात असते. निष्कर्षही वाचायचा नाही. आधी पद्धत वाचायची. कोणाचं रक्त घेतलं, का घेतलं, कोणाला वगळलं? एका गटाचं सकाळी घेतलं आणि दुसऱ्याचं दुपारी घेतलं असं तर नाही ना? मोठमोठ्या नावांचे निबंध आमच्या वर्गात तासाभरात उघडे पडायचे. मुलं मला घाबरायची. मला ते आवडायचं.

आता खरं सांगतो. माझ्या नावावर जो निबंध सर्वांत जास्त गाजला, त्याच्या पद्धतीतली एक ओळ खोटी आहे. ती मी लिहिली, आणि लिहिताना ती खोटी आहे हे मला माहीत होतं.

आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी एकदा गावपळण होते. देवाचा कौल झाला की तीन दिवस सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट वेशीबाहेर पडतो. घरं बंद, बाजार बंद. वेशीपलीकडे चुडतांच्या, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या, खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात, भजनं होतात, फुगड्या होतात. आमच्या विभागप्रमुखांना तेव्हा एक अभ्यास हवा होता: किनाऱ्यावरच्या मासळी खाणाऱ्यांत मधुमेह किती आणि आतल्या गावांत किती. आतल्या गावांसाठी बांद्याला आमची एक लहान प्रयोगशाळा होती. किनाऱ्याचं काय करायचं, असा प्रश्न आला, आणि मी हात वर केला. म्हटलं, गावपळणीला आमचा अख्खा गाव एका जागी असतो. दारोदार फिरायला नको, एका सकाळी काम होईल. प्रमुखांनी पाठ थोपटली. माझी बढती एका निबंधावर अडलेली होती, हेही इथंच सांगून टाकतो.

वेशीबाहेर वीज नसते, हे आचऱ्याच्या माणसाला कुणी सांगायला नको. मलाच ते ध्यानात आलं नाही. किंवा आलं आणि मी पुढं ढकललं.

विजेचं महत्त्व सांगतो. नळीत घेतलेलं रक्त मेलेलं नसतं. त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांना भूक असते. त्या रक्तातली साखर खात राहतात. म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची वेगळी नळी असते, तिच्यातलं औषध पेशींचं खाणं थांबवतं. ती नसेल तर लाल टोपणाच्या नळीतलं रक्त यंत्रावर फिरवून पेशी आणि वरचा पाणीदार द्रव अर्ध्या तासात वेगळे करायचे. यंत्राला वीज लागते. यातलं काहीच केलं नाही तर तासातासाने साखर कमी होत जाते, आणि दुपारच्या उकाड्यात तर फारच वेगाने.

आम्ही करड्या नळ्यांची भरलेली पेटी बरोबर नेली होती. पण खोपींपुढं रांग लागली आणि कुरबुर सुरू झाली. प्रत्येकाच्या दोन नळ्या म्हणजे लोकांना फारच वाटायला लागलं. रांगेत पुढं जनू होता. जनू तांडेल, माझा शाळेतला सोबती. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य.

"बाबल्या, दोन-दोन नळ्ये कित्या रे? आमी हंय मजा करूक इलों, आणि तू रगात पितंस!"

सगळे हसले. मागून कुणी ओरडलं, "एकच घी, नायतर आमी चललों."

"एकच घेतंय रे," मी म्हटलं. लाल टोपणाची एक नळी ठेवली, कारण तिच्यातून कोलेस्टेरॉल आणि बाकीचं सगळं निघतं, साखरही निघते. गावात वाईट दिसायचं नव्हतं मला. आमच्याबरोबर दोडामार्गचे गवस नावाचे तंत्रज्ञ होते. ते हळूच म्हणाले, "सर, यंत्र लावायला वीज नाही." त्यावर जनूनेच तोडगा काढला. मासळीचा बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी त्याने आणून दिली.

"बांगडो रवता, तर रगात कशाक रवचा नाय?"

बर्फात बांगडा टिकतो तर रक्तही टिकेल, हे मला पटलं. बायोकेमिस्ट्री शिकवणाऱ्या माणसाला ते पटलं! बर्फाने पेशींचं खाणं मंदावतं हे खरं आहे, पण बर्फ टिकला तर. लोकांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. मग मालवण, कुडाळ, सावंतवाडी करत आमची जीप बांद्याला पोचेपर्यंत दुपार उलटून गेली. पेटी उघडली तेव्हा नळ्या बांगड्याचा वास येणाऱ्या कोमट पाण्यात तरंगत होत्या. करड्या नळ्यांची पेटी न उघडलेली, तशीच परत आली होती.

आकडे आले. साखर सगळ्यांचीच कमी. काहींची तर इतकी की माणूस बेशुद्ध पडायला हवा, आणि त्यातल्या दोन बायकांना मी सकाळी फुगडी घालताना पाहिलं होतं. बटाटेवडा खाणाऱ्या मेलेल्या माणसाची गोष्ट तोवर माझी कितीतरी वर्गांना सांगून झाली होती.

गवस म्हणाले, "सर, ह्ये जित्या माणसांचे आकडे न्हय. नळीतल्या रगतान साकर खाल्ली."

"वेळ लिहून ठेवा. बघू," मी म्हटलं.

त्यांनी वहीत लिहिलं: रक्त काढल्याची वेळ, पेटी उघडल्याची वेळ, बर्फ वितळलेला. मी काय केलं? फारच खाली गेलेले ते आकडे तांत्रिक चूक म्हणून वगळले. बाकीचे, जे दिसायला बरे होते, ते ठेवले. एकाच कारणाने बिघडलेले आकडे, त्यातले विद्रूप तेवढे फेकले आणि देखणे ठेवले. आणि निबंधात लिहिलं, "सर्व नमुन्यांतील द्रव अर्ध्या तासाच्या आत वेगळा करण्यात आला." प्रमुखांनी मसुदा चाळला आणि म्हणाले, "पद्धतीचा भाग कोण वाचतो हो?" मी वाचत होतो. दर शुक्रवारी तेच तर करत होतो. तरी मसुदा तसाच छापायला पाठवला. निष्कर्ष छापून आला की मासळी खाणाऱ्या गावात मधुमेह फारच कमी आहे. मी प्राध्यापक झालो. गवसांची वही मात्र घरी आणून ठेवली. का, ते मला सांगता येत नाही. जाळायची हिंमत नव्हती, एवढंच.

काही वर्षांनी वैशाली नावाची विद्यार्थिनी आली. मूळची बांद्याची, वडिलांचं बाजारात दुकान. शुक्रवारच्या वर्गासाठी निबंध निवडायची तिची पाळी होती आणि तिने माझाच निवडला. मला वाटलं, आदराने निवडला असेल. सारांश रीतीप्रमाणे पिनेने बंद करून ती उभी राहिली.

"सर, शेवटी आभारात लिहिलंय, गावपळणीसाठी वेशीबाहेर राहणाऱ्या आचरा ग्रामस्थांचे आभार."

"हो, मग?"

"वेशीबाहेर वीज नसते ना सर? मग अर्ध्या तासात द्रव वेगळा कुठं केला?"

ती आभाराची ओळ मी गावाच्या अभिमानापोटी लिहिली होती. पद्धत आणि आभार शेजारी ठेवून वाचायला मीच शिकवलं होतं. त्या क्षणी एवढं म्हणायचं होतं की बरोबर पकडलंस, बस, आता हे कसं दुरुस्त करायचं ते आपण पाहू. मी म्हटलं, "तू तेव्हा कोणत्या इयत्तेत होतीस गं? दुकानात बसून गोळ्या विकत होतीस ना?" वर्ग हसला. ती हसली नाही. मी पुढं म्हटलं, "टीका करायला आधी काम करावं लागतं." तिने निबंधाची घडी केली आणि खाली बसली. पुढं तिने शिफारसपत्र मागितलं, ते मी दिलं नाही. तिने हा विषय सोडला नाही, पण महाविद्यालय सोडलं. आज सावंतवाडीला तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. तिथं माझ्यासारखा कुणी नाही, हे बरंच आहे.

आता जनूचं. अहवाल वाटायला मी स्वतः गावी गेलो होतो. त्याच्या हाती कागद देताना म्हटलं, "जन्या, तुझी साकर माझ्यापेक्षा बरी आसा." तो कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवला. पुढं तहान वाढली, वजन उतरलं. बायको सुलभा त्याला दवाखान्यात जा म्हणायची. तो तोच कागद काढून दाखवायचा. "माजा रगात बाबल्यान तपासला हा. मासे खातल्याक साकर होणा नाय, छापून इला हा." मग कालव्याची शिंप पायाला लागली. जखम बरी होईना, काळी पडली. शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मी भेटायला गेलो, शहाळी घेऊन. शहाळी! त्याच्या खाटेजवळ बसलो आणि त्या कागदाचं खरं न सांगता परत आलो.

त्याला तेव्हाच मधुमेह होता का? मला माहीत नाही. नसेलही. पण आता ते कुणालाच कधी कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे. त्या दिवशी त्याचं खरं रक्त माझ्या हातात होतं.

निवृत्त होऊन मी आचऱ्याला येऊन राहिलो. यंदा गावातल्या चार माणसांनी ठरवलं की माझा सत्कार करायचा. कशासाठी, तर या निबंधासाठी. मोबाइलवर एक निरोप फिरत होता: आपल्या गावच्या डॉक्टरांनी सिद्ध केलं की मासळी खाणाऱ्याला मधुमेह होत नाही. त्याखाली सुक्या मासळीच्या कसल्याशा भुकटीची जाहिरात. माझं नाव डब्यावर! गावातल्या एका बाईने औषधाच्या गोळ्या बंद करून ती भुकटी सुरू केल्याचं मला कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी भुकटीवाल्याला फोन करून शिव्या दिल्या. तो शांतपणे म्हणाला, "सर, छापलेलं तुमचंच आहे ना?"

मग मी गवसांची वही काढली. तिच्या पानांचे फोटो जोडून ज्या नियतकालिकाने निबंध छापला होता त्यांना लिहिलं की हा निबंध मागे घ्या. त्यांचं उत्तर आलं की सर्व लेखकांच्या संमतीशिवाय विचार करता येणार नाही. विभागप्रमुख हयात नाहीत. दुसरे सहलेखक फोनवर म्हणाले, "आता कशाला उकरता सर? आपली वयं काय?" कॉलेजने कळवलं की त्या काळातली कागदपत्रं उपलब्ध नाहीत. खोटी ओळ छापायला एकाची सही पुरली होती, कुणीही विचारलं नव्हतं की यंत्र कुठं लावलंत. खरं सांगायला मात्र सगळ्यांच्या सह्या हव्यात. दुसऱ्या लोकांनी माझा निबंध आपल्या निबंधांत आधार म्हणून घेतलाय. त्यांच्यातल्या एकाने तरी आभाराचा भाग वाचला असता! बांद्याच्या एका मुलीने तो वाचला होता, आणि तिला मी गोळ्या विकायला पाठवलं.

तर एका दुपारी जनूच्या घरी गेलो. तो पडवीत जाळं विणत बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो विणायचा थांबला नाही.

"तुका ठावक होतां?" त्याने विचारलं.

"होय."

"कदीपासून?"

"त्याच दिवशी. बांद्याक पेटी उघडली तेव्हापासून."

"आणि माजो पाय काढलो, तेव्हा तू शाळी घेवन इलंस."

"होय."

त्याने जाळं बाजूला ठेवलं आणि आत हाक मारली, "सुलभा गो, तो देवाच्या फोटोमागचो कागद हाड." कागद आला. पिवळा पडला होता. त्याने तो माझ्यापुढं धरला. "ह्येच्यार लिव. तुज्या हातान. खोटां आसा म्हणान."

मी लिहिलं, "हा तपास चुकीचा आहे. यावर विसंबू नये." सही केली, तारीख घातली. सुलभावहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, त्या टायमाक लिवलां असतां तर?" जनूने कागद पुन्हा पिशवीत घातला.

"लायनीत माज्या मागे कितके होते?"

"सगळो गाव."

"तेंचे कागद कोण खोडतलो? तुज्या घराक कोण येवचो नाय. उद्यापासून माज्या पडवीत येवन बस. माका बगून तरी येतीत."

असा मी रोज सकाळी तांडेलाच्या पडवीत बसू लागलो. गवसांच्या वहीतली नावं उतरवून काढली. जे वारले त्यांच्या घरी स्वतः गेलो. बाकीचे येतात. काही शिव्या देतात, त्या ऐकून घेतो. एका आजीने कागद हातात घट्ट धरला आणि म्हणाली, "माजो एक तरी कागद बरो आसा, तो कित्या खराब करतंस?" तिला समजवायला अर्धी सकाळ गेली. जनू माझ्याशी बोलत नाही. कुणी पायरी चढलं की मात्र तो जाळ्यातून वर न बघता म्हणतो, "बस. चुकलेलो डॉक्टर हंयच आसा."

कागद खोडून भागत नाही, रक्त पुन्हा तपासायला हवं. त्यासाठी वैशालीला पत्र लिहिलं. माफी एका वाक्यात मागितली, लांबवली नाही. बाकीच्या पत्रात कुणाचे नमुने, का, ते लिहिलं. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. "नमुने मी येऊन घेईन. पहिला अर्धा तास ते कुठं असतील ते आधी कळवा." माफीबद्दल अक्षर नाही. मी कळवलं: तांडेलांच्या पडवीत वीज आहे, यंत्र तिथंच लागेल, आणि प्रत्येकाच्या दोन नळ्या घेणार, त्यातली एक करड्या टोपणाची. ती दर रविवारी येते. माझ्या हाताला सुई लावू देत नाही. वेळा मी लिहितो आणि ती त्या तपासून पाहते.

मागच्या रविवारी सत्कार समितीचे दोघं पत्रिका घेऊन पडवीत आले. पुढं असलेला दत्ता माझ्याहून दहा वर्षांनी लहान, गावातल्या सगळ्या कार्यक्रमांत पुढं असणारा. म्हणाला, "काका, झाला तां झाला. शाल घेवा, दोन शब्द बोला. बाहेरगावची माणसां येतली. गावाचो मान आसा."

मी काही म्हणायच्या आत जनू बोलला.

"दत्त्या, तू पण त्या लायनीत होतंस मरे. एकच नळी घी म्हणान मागसून आरडलंस, तां तूच ना?"

दत्ता हसला. "तां मस्करीन आरडललंय."

"तुजो कागद खंय आसा?"

"आसतलो घरात खंयतरी."

"मगे तो हाड, आणि सत्काराचां बोल. लाईन मोठी आसा."

दत्ता पत्रिका बाकावर ठेवून निघून गेला. ती तिथंच पडली होती, वैशालीने तिच्यावर नळ्यांचा स्टँड ठेवला.

आज रविवार आहे. हे मी पडवीत बसूनच लिहितोय. सकाळी सातला दत्ता आला, उपाशीपोटी. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यापुढं टाकला आणि बाही वर केली.

"दोन नळ्ये ना?" त्याने वैशालीला विचारलं. "घी."